८१९२ बाइटांचे दस्तक

इंटेलच्या घराण्यातील प्रोसेसरला स्मृतीखेरीज ६५,५३६ पोर्टांचा एक स्वतंत्र प्रांत असतो, आणि कळफलक, घड्याळ, जुना प्रिंटर ही सारी यंत्रे याच क्रमांकांवर उभी राहून हुकुमाची वाट पाहत असतात. त्यांपैकी कोणत्या क्रमांकाशी कोणत्या प्रोसेसने बोलावे, हा निवाडा मात्र कर्नेलच्या दप्तरी होतो.

पूर्वपीठिका थोडक्यात सांगून टाकतो. ८०३८६ ही चिप १९८५ साली आली; तिने अधिकाराच्या चार पायऱ्या पाळल्या आणि प्रत्येक कामामागे एक फर्द ठेवण्याची सोय केली; १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी तिच्यावरच लिनक्स रचले. एवढे पुरे.

नागावच्या आमच्या नारळी-पोफळीच्या वाडीत शिंपणाची मोटर एका अडगळीतल्या संगणकाने चालू-बंद करावी, असा छंद मला जडला होता. प्रिंटरच्या पॅरलल पोर्टाला रिले जोडला, त्या पोर्टाचा क्रमांक ८८८, आणि त्यावर १ लिहिताच रिलेने ‘टक्’ करावे व पाटाला पाणी यावे, एवढीच अपेक्षा. परवानगी न मागता लिहू पाहणारा प्रोग्रॅम ‘सेगमेंटेशन फॉल्ट’ म्हणून तत्क्षणी गतप्राण होतो. तोच रूटच्या अधिकाराने प्रथम कर्नेलच्या ‘आयओपर्म’ या सेवेकडून ८८८ पासून ३ पोर्ट मागून घेतो, तेव्हा निर्वेधपणे चालतो. या दोहोंमध्ये नेमके काय बदलते, हाच माझ्या आवडीचा प्रांत.

परवान्यांच्या नकाशात बदलतात अवघे तीन बिट. प्रत्येक कामामागच्या त्या फर्दीच्या १०२व्या बाइटापाशी एक आकडा असतो, तो नकाशा कोठे सुरू होतो हे सांगतो. नकाशात प्रत्येक पोर्टाला एक बिट, म्हणजे एकूण ८१९२ बाइट. बिट १ असेल तर मनाई, ० असेल तर मोकळीक. ८८८ ला ८ ने भागावे तर बाकी न उरता १११ येतात, म्हणून माझ्या मोटरीचा परवाना नकाशातील १११ क्रमांकाच्या बाइटाच्या पहिल्या तीन बिटांत सामावला होता. प्रोसेसर तपासताना नेहमी लगतचे दोन बाइट एकदम वाचतो, कारण रुंद लेखन एका बाइटाच्या काठावरून पुढच्यात उतरू शकते. यास्तव संपूर्ण नकाशाच्या शेवटी सर्व बिट १ असलेला आणखी एक बाइट ठेवावा लागतो. आणि ज्या प्रोसेसला काहीच द्यावयाचे नाही, तिच्यासाठी ८१९२ बाइट पुसत बसण्याचे कारण नाही. प्रारंभाचा तो आकडाच फर्दीच्या हद्दीपलीकडे नेऊन ठेवला की सारी दारे बंद. या युक्तीची मला आजही मौज वाटते.

सरखेल कान्होजी आंग्रे यांचे दस्तक घेतल्यावाचून व्यापारी गलबताने नागावच्या या किनाऱ्यावरून जाऊ नये, असा दंडक होता, आणि तो मुंबईकर इंग्रजांनी न मानल्यामुळे वर्षानुवर्षे लढाया झाल्या. दस्तक लिहिले जाई दप्तरात, तपासले जाई भर समुद्रात. कर्नेलचीही वाटणी तशीच आहे. कर्नेल एकदाच लिहितो, तपासणी प्रत्येक वेळी प्रोसेसर स्वतः करतो, आणि म्हणून परवानाधारकाला पोर्टावरच्या प्रत्येक लेखनासाठी कर्नेलची पायरी चढावी लागत नाही.

याउलट ‘आयओपीएल’ ही सरसकट मोकळीक मला कधीच रुचली नाही. तिच्या जोरावर प्रोग्रॅमला सर्व पोर्ट तर मिळतच, शिवाय इंटरप्ट बंद करून तो यंत्रच थिजवू शके. थॉमस ग्लाइक्सनर यांनी केलेल्या फेररचनेनंतर, जानेवारी २०२० मध्ये आलेल्या लिनक्स ५.५ पासून, हा दुसरा अधिकार गेला. कर्नेल आता आतून सर्व शून्यांचा नकाशा लावून देतो, इतकेच. परंतु सर्व म्हणजे सर्व, आणि त्यांत कळफलकाच्या नियंत्रकाचा १०० क्रमांकाचा पोर्टही आला, ज्यावर जुन्या यंत्रांत २५४ लिहिले की संगणक कोणालाही न विचारता नव्याने सुरू होतो.