दहिवराच्या वेळी

माघातली पहाट. शेतात ओळीनं आडव्या पडलेल्या तंबाखूवर दहिवर उतरलेलं असतं आणि त्या ओलीनं पान चामड्यासारखं मऊ झालेलं असतं. ते उचलायची, उलथायची, बांधायची वेळ हीच. सूर्य कासराभर वर आला की तेच पान पापडासारखं कडकडीत होतं आणि हात लावताच चुरा होतो. माझ्या आजोळी, गडहिंग्लज तालुक्याच्या पूर्वेला काळ्या रानात, या कामाच्या दिवसांत दिवस उगवायच्या आत घर रिकामं व्हायचं. आजी पहिल्या ओळीशी वाकायची, एक पान उचलून मुठीत हलकंच दाबायची आणि मूठ उघडायची. पान दुमडलेलंच राहिलं तर ओल जास्त. तडकलं तर उशीर झाला. हळूहळू आपणहून उलगडलं, की ती मागे न बघता म्हणायची, "चला गं, धरा."

आठवी-नववीत रसायनशास्त्र शिकताना मला ती मूठ कधी आठवली नाही. आता, पन्नाशी ओलांडल्यावर, नेसरीत राहून या भागातल्या वाळवणाची माहिती गोळा करायला लागलो, तेव्हा पहिल्यांदा तीच आठवली.

नेसरी म्हटलं की मराठी माणसाला खिंड आठवते, २४ फेब्रुवारी १६७४ आणि प्रतापराव गुजर आठवतात. ते आठवायलाच हवेत. पण गावाची रोजची ओळख त्याच्या जागेत आहे. पश्चिमेला आजरा-चंदगडचा धुवांधार पाऊस, भात आणि काजू. पूर्वेला पाऊस उतरत जातो, माती काळी होत जाते आणि संकेश्वर-निपाणीकडे तंबाखूचं रान सुरू होतं. नेसरी या दोहोंच्या उंबऱ्यावर आहे. इथल्या माणसाला पिकवण्याइतकंच वाळवणं कळावं लागतं.

शोधाला निमित्त झालं ते मात्र वेगळंच. आपल्या भागात अधूनमधून एक बातमी येते: उसाच्या फडात लावलेली गांजाची झाडं पोलिसांनी उपटली. पंचनाम्यातले शब्द ठरलेले असतात. हिरवट, ओलसर, उग्र वासाचा, इतके किलो इतके ग्रॅम. ती भाषा वाचताना माझ्या मनात येई, की ओलसर आणि वाळलेला यांतला फरक आजीसारख्या बाईला किती बारकाईनं कळायचा! पान तेच ऊन घेतं, तीच हवा. मग एका पानाला वखारीत जागा आणि दुसऱ्याला पोलीस ठाण्याच्या मुद्देमालात, ही रेघ कुणी आणि कधी ओढली? त्या रेघेच्या दोन्ही बाजूंना वाळवणाऱ्याचं काय झालं?

आधी पानात काय होतं ते पाहू. खुडलेलं पान लगेच मरत नाही. हिरव्या पानाच्या वजनात बहुतांश पाणीच असतं. ते हळूहळू जात असताना पेशी जिवंत असतात आणि साठवलेल्या पिष्टाची साखर करत असतात. हिरवं हरितद्रव्य मोडत जातं आणि त्याखाली दडलेला पिवळा रंग वर येतो. कडक उन्हात पान एका दिवसात वाळलं तर हे काम अर्धवट राहतं. रंग हिरवाच राहतो आणि वासाला ओल्या गवताची झाक येते. फार सावकाश वाळलं, हवा कोंडली, तर बुरशी धरते. तंबाखू काय, गांजा काय, वाळवणाऱ्याची सगळी कसरत या दोन टोकांच्या मधली. आंध्रात व्हर्जिनिया तंबाखूसाठी बंद कोठारं बांधून आठवडाभर मोजून-मापून उष्णता देतात. निपाणी-गडहिंग्लजच्या विडीच्या तंबाखूला कोठार नाही. त्याला ऊन, दहिवर आणि बाईचा हात.

या तंबाखूचं वेळापत्रक असं: पावसाळ्याच्या सुरुवातीला रोपं टाकायची, श्रावणाच्या आगेमागे लावण, मग शेंडा खुडायचा. शेंडा खुडला की बगलेतून फुटवे येतात, ते पुन्हापुन्हा काढायचे, म्हणजे झाडाची सगळी ताकद राहिलेल्या मोजक्या पानांत उतरते. हे फुटवे काढताना हाताला काळा चिकट थर बसतो. साबणानं जात नाही, आणि त्या हातानं मोडलेली भाकरी कडू लागते. दहिवरानं भिजलेल्या हिरव्या पानांतलं निकोटिन पाण्यात उतरतं आणि कातडीतून अंगात शिरतं. मळमळ, चक्कर, उलटी, डोकं धरणं. जगभरच्या तंबाखूच्या शेतांवर या दुखण्याची वैद्यकीय नोंद आहे. माझ्या आजोळच्या बायका मात्र "आज पान लागलं" एवढंच म्हणत आणि लिंबू चोखून पुन्हा ओळीला लागत. तंबाखू न खाता-ओढताही तंबाखू अंगात घेणाऱ्या या बायका कोणत्या व्यसनाच्या यादीत मोजायच्या?

पानावर तांबूस ठिपके उमटले, ते जाड आणि खरबरीत झालं, की कापणी. मग शेतातच ऊन देणं, उलथणं, आणि शेवटी ढीग. पहिल्या वाळवणीत पाणी जातं, खरा कस उतरतो तो या ढिगात. किंचित ओल राखून रचलेला ढीग आतून तापतो. हात घातला तर चटका बसावा इतका. अमोनियाचा नाकाला झोंबणारा वास सुटतो. मग ढीग मोडायचा, आतलं पान बाहेर आणि बाहेरचं आत. हे कधी करायचं ते आजी ढिगात कोपरापर्यंत हात घालून ठरवायची. दरवर्षी वेगळ्या दिवशी, कारण दरवर्षी हवा वेगळी.

आता त्या दुसऱ्या पानाकडे. ब्रिटिश पार्लमेंटात १८९३ साली प्रश्न विचारला गेला आणि हिंदुस्थानातल्या भांग, गांजा, चरस यांच्या चौकशीसाठी आयोग नेमला गेला. अध्यक्ष डब्ल्यू. मॅकवर्थ यंग. सात सदस्यांत तिघे भारतीय. प्रांतोप्रांती फिरून या आयोगानं ११९३ साक्षी घेतल्या आणि १८९४ साली कित्येक खंडांचा अहवाल दिला. निष्कर्ष असा, की माफक सेवनानं साधारणपणे अपाय होत नाही, अतिरेकानं होतो. सरसकट बंदी नको, परवाना आणि कर हवा. या निष्कर्षाचा आधार आजही जगभर दिला जातो. मला मात्र त्या अहवालातली वेगळीच पानं मोलाची वाटतात. त्यांत झाड कसं वाढवत, कसं कापत आणि कसं वाळवत, हे प्रांतवार लिहून ठेवलं आहे. मुंबई इलाख्यात हे पीक मुख्यतः आपल्या नगरकडे होतं. बंगालात ते राजशाही जिल्ह्यातल्या नौगावच्या मुलखात एकवटलं होतं, त्याला गांजा महालच म्हणत.

नौगावची रीत वाचताना मी थांबलो. नराची झाडं फुलण्याआधी ओळखून काढून टाकायला तिथं खास जाणकार असे, आणि शेतकरी त्याला पैसे देऊन बोलवीत. कापलेली झाडं उन्हात कोमेजवून गोल मांडत, शेंडे आतल्या बाजूला. मग माणसं एकमेकांच्या खांद्याचा आधार घेऊन त्यावर पावलं टाकत गोल फिरत, म्हणजे राळेनं शेंडे एकमेकांना चिकटून चपटे होत. हा चपटा गांजा. वळून केलेला तो गोल, आणि तुटून पडलेला तो चूर. प्रत्येकाचा कर वेगळा. वाळलेला माल सरकारी गोदामात जाई, त्याला गोला म्हणत. म्हणजे वाळवणीची रीत ठरली की कराचा दर ठरला. खळ्यात बैलांची पात धरणाऱ्या आपल्या माणसाला ते गोल फिरणं लगेच डोळ्यांपुढे उभं राहील.

नौगावच्या शेतकऱ्यांनी १९१७ मध्ये आपली सहकारी संस्था काढली. सहकाराच्या कोल्हापुरात वाढलेल्या मला हे वाचून आश्चर्य वाटलं आणि थोडा अभिमानही, ज्याला काही कारण नाही. संस्थेमुळे वजन आणि भाव यांवर शेतकऱ्याला बोलायला तोंड मिळालं, एवढं खरं.

भारतात परवान्याच्या गांजाची ही गोष्ट संपली ती १९८५ साली. अमली पदार्थांविषयीच्या १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर आपण सही केली होती. त्या करारात गांजा म्हणजे फुलोऱ्याचे शेंडे अशी व्याख्या आली आणि नुसती पानं बाहेर राहिली. भांगेला जागा उरली ती त्यामुळे. त्याच व्याख्येवर आपला अमली पदार्थांचा कायदा १४ नोव्हेंबर १९८५ ला लागू झाला. शेंडे असतील तर गुन्हा. शेंड्यांवेगळी नुसती पानं किंवा बी असेल तर या कायद्यानं तो गांजा नाही. महाराष्ट्रात भांगेवरही १९४९ च्या दारूबंदी कायद्याचं नियंत्रण आहेच. परसातलं एक झाडसुद्धा परवान्याशिवाय गुन्ह्यात जातं. फडात चार झाडं लावून पैसा होईल असं कानात सांगणारे सापडतात, पकडला जातो तो शेतकऱ्याचा पोरगा. हे मला नेसरीच्या बाजारात उभं राहून मोठ्यानं सांगावंसं वाटतं.

पण तंबाखूवाल्यावर सरकारची नजर नव्हती असं कुणी समजू नये. दुसऱ्या महायुद्धाच्या खर्चासाठी १९४३ साली तंबाखूवर केंद्राची अबकारी बसली आणि १९४४ च्या कायद्यात वाळवणीची व्याख्या झाली: कोमेजवणं, वाळवणं, आंबवणं, आणि कच्चा माल विकण्याजोगा किंवा कारखान्याजोगा करण्याची कुठलीही क्रिया. मी हे वाक्य तीनदा वाचलं. माझ्या आजीचं अख्खं वर्ष दिल्लीच्या कायद्यात एका कलमात बसलं होतं, तिला पत्ता नसताना. तिनं ढिगात हात घालणं ही कायद्यानं मोजायची क्रिया झाली होती. वाळलेल्या पानाचं वजन कळवायचं, परवान्याशिवाय हलवायचं नाही, अधिकारी येऊन ढीग बघणार. ढीग वाळून हलका झाला तरी घट कुठं गेली याचा जाब! कच्च्या तंबाखूवरचा हा कर १९७९ च्या अर्थसंकल्पात उठला.

सरकार अंगणातून गेलं, व्यापारी राहिला. वाळलेला तंबाखू पावसाळ्याआधी विकावाच लागतो, कारण मृगाची हवा लागली की पान पुन्हा ओल धरतं आणि घरच्या छपराखालच्या ढिगाला बुरशी येते. मोठ्या कोरड्या वखारी शेतकऱ्याकडे नव्हत्या. व्यापाऱ्याला हे वेळापत्रक पाठ होतं. तो येई, मूठभर पान उचलून वास घेई, तोंड वाकडं करी आणि प्रत खाली लावी. ज्या पानाला आजीनं महिनाभर पहाटे उठून जपलं, त्याचा भाव दुसऱ्याच मुठीत ठरे.

म्हणूनच निपाणीचं आंदोलन मला तारखेनिशी समजतं. १४ मार्च १९८१. पान वाळून ढिगात आलेलं, पाऊस अडीच महिन्यांवर. शेतकरी संघटनेचे शरद जोशी आणि निपाणीचे सुभाष जोशी यांच्या मागे हजारो शेतकरी पुणे-बंगळूर महामार्गावर बसले. रस्त्यावर वस्तीच उभी राहिली, तिचं नाव आंदोलननगर. भाकऱ्या गावागावांतून येत. तीन आठवड्यांहून अधिक काळ हे शांतपणे चाललं. ६ एप्रिलला पोलिसांनी गोळीबार केला आणि बारा शेतकरी गेले. वाळलेल्या पानाला योग्य भाव द्या, एवढंच ते मागत होते.

वखारीच्या आतली बाजू आणखी निराळी. तिथं बायका तंबाखू कुटत, चाळत, जर्दा वेगळा आणि काडी वेगळी करत. दारं-खिडक्या बंद, कारण वाऱ्यानं माल उडतो. धूळ नाकात, छातीत, पदरात. घरी तान्हं मूल अंगाला लावायच्या आधी लुगडं बदलावं लागे. निपाणीच्या या कामगार बायका संघटित झाल्या, आणि युगांतर या गटानं १९८२ मध्ये त्यांच्यावर 'तंबाखू चाकिला ऊब आली' हा माहितीपट केला. बायका त्यात स्वतःच्या तोंडानं बोलतात. तो नेसरी-गडहिंग्लजच्या प्रत्येक शाळेत दाखवावा असं माझं मत आहे.

तंबाखू गेला तर मला दुःख नाही. तोंडाच्या कर्करोगानं गेलेली माणसं माझ्याही घरात आहेत, आणि पाणी पोचलं तिथं ऊस आल्यानं हे रान कमी होतंच आहे. दुःख याचं, की गांजाची वाळवणी परक्या सरकारनं कराच्या लोभानं का होईना, पानंच्या पानं लिहून ठेवली, आणि आमच्या बायकांचं हे ज्ञान कुणी लिहून घेतलं नाही. कायद्यानं क्रिया मोजली. ती करणाऱ्या हाताचं नाव कुठल्याच रजिस्टरात नाही.

मागच्या फेब्रुवारीत नेसरीत मामीच्या माडीवर गेलो होतो. तिनं संकेश्वरी मिरची वाळत घातली होती, लांब, सडपातळ, सुरकुतलेली. तोडून आणलेली मिरची तिनं आधी दोन दिवस ढीग लावून ठेवली होती. मी कारण विचारलं. "उरल्यासुरल्या हिरव्या हायत त्या बी लाल होत्यात की," ती म्हणाली. तोच ढीग, तीच ऊब, फक्त पीक वेगळं. तिनं एक मिरची उचलून कानाशी हलवली. बी वाजलं नाही. "अजून दोन दिस."

ऊन उतरलं तशी ती घाईनं मिरची गोळा करून ताडपत्रीखाली घालू लागली. मी म्हटलं, राहू दे की रात्रभर, चोर काय नेणार आहेत?

"दहिवर पडतंय," ती म्हणाली. "मिरची पांढरी पडती त्यानं. सासूबाईंचा तंबाकू हाय व्हय त्यो, दहिवर मागाय?"

आणि ताडपत्रीच्या कडेवर तिनं चारी बाजूंना दगड ठेवले.