नजर वळवणारे मूल ऐकत असते काय?

लग्नमंडपात कोणी आत्या मायेने नाव विचारते, तेव्हा स्वमग्न मूल तिच्या मुद्रेकडे न पाहता झालरीकडे टक लावून बोटे हलवीत राहते. आणि त्याला कशाचे सोयरसुतक नाही, असा निकाल मंडळी तत्क्षणी देऊन टाकतात, जो मला सर्वथा अन्यायाचा वाटतो. कारण अशा कित्येकांच्या बाबतीत डोळ्यांना डोळे भिडताच मेंदूतील भावनाजागृतीची केंद्रे प्रमाणाबाहेर उद्दीपित होतात, आणि एकाच कारकुनापुढे साऱ्या जिल्ह्याचे अर्ज येऊन पडावेत तशी सनई, अत्तर, दिवे व प्रश्न यांची गर्दी उसळते. नजर वळवली म्हणजे काही अर्ज दूर सारले जातात, बोटांच्या लयीने मन स्थिरावते, आणि मगच शब्द नीट कानी पडतात.

उलटपक्षी काही स्वमग्न मुली इतरांचे हावभाव घोकून इतके हुबेहूब वठवितात की, घरी परतल्यावर त्या गलितगात्र होतात हे कोणाच्या ध्यानीही येत नाही, आणि निदान वर्षानुवर्षे लांबते.

स्वतः स्वमग्न असलेले ब्रिटिश अभ्यासक डेमियन मिल्टन यांनी २०१२ साली प्रतिपादिले की, स्वमग्न व इतर यांच्यातील गैरसमज दुतर्फा आहे. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात कर्णोपकर्णी सांगितलेली गोष्ट केवळ स्वमग्नांच्या साखळीतूनही इतरांच्या साखळीइतकीच शाबूत पोचली.