प्राध्यापक नसलेलं कॉलेज

दिलेल्या रेषेवर समभुज त्रिकोण काढायचा, हे युक्लिडच्या पहिल्या ग्रंथातलं पहिलं साध्य. अमेरिकेत मेरीलँड राज्याची राजधानी असलेल्या अ‍ॅनापोलिसमध्ये सेंट जॉन्स कॉलेज आहे. तिथं नव्यानं आलेली मुलं पहिल्या काही दिवसांतच या साध्याला भिडतात आणि त्यांच्यातलं कुणीतरी उठून ते फळ्यावर मांडतं. हातात पुस्तक नाही, कागद नाही. आधी रेषा आखायची. तिच्या एका टोकाला केंद्र धरून वर्तुळ काढायचं, दुसऱ्या टोकाला केंद्र धरून तेवढंच दुसरं. वर्तुळं जिथं छेदतात तो बिंदू दोन्ही टोकांना जोडला की त्रिकोण झाला. तिन्ही बाजू त्रिज्येएवढ्या, म्हणून समान. दोन मिनिटांचं काम. आणि मग टेबलापाशी बसलेलं कुणीतरी विचारतं, ‘‘ही वर्तुळं एकमेकांना छेदतात, हे कशावरून?’’

फळ्यापाशी उभं असलेलं पोर साहजिकच आकृतीकडे बोट दाखवतं. दिसतंय की! पण दिसलं म्हणजे सिद्ध झालं का? मग पानं मागे उलटली जातात. व्याख्या, गृहीतकं, सर्वमान्य विधानं सगळी चाळून होतात. अशी वर्तुळं छेदतातच, असं युक्लिडनं कुठंही म्हटलेलं नाही. सुमारे दोन हजार तीनशे वर्षं काटेकोरपणाचा आदर्श म्हणून मानलेल्या पुस्तकाच्या पहिल्याच साध्यात एक फट आहे, आणि ती अठरा वर्षांच्या मुलांना त्यांच्याच डोळ्यांनी सापडते. तास त्या फटीत अडकला तरी शिक्षक घाई करत नाहीत.

मी शाळेत असताना आमच्या वर्गाला प्रमेयं पाठ असत, अक्षरांसकट. एका सहामाहीला त्रिकोणाचं नाव ‘एबीसी’ऐवजी ‘पीक्यूआर’ आलं आणि पायथागोरस तोंडपाठ असलेल्या निम्म्या वर्गाला पायथागोरस येईना. पेपर अवघड होता म्हणून सगळ्यांना चार-चार गुण वाढवून मिळाले. सिद्धता म्हणजे काय, हे शिकवायला त्याहून चांगला दिवस मिळाला नसता, आणि तो गुणवाटपात गेला. त्याचं मला अजूनही वाईट वाटतं. सेंट जॉन्सबद्दल पहिल्यांदा वाचलं तेव्हा तोच दिवस आठवला.

या कॉलेजात प्राध्यापक नाहीत. म्हणजे शिकवणारे आहेत, पण त्यांना ट्यूटर म्हणतात, त्यांच्यात कनिष्ठ-वरिष्ठ अशा पायऱ्या नाहीत आणि कॉलेजात विभागही नाहीत. भौतिकशास्त्रात डॉक्टरेट केलेला माणूस यंदा ग्रीक व्याकरण शिकवेल, पुढच्या वर्षी प्रयोगशाळा घेईल. तत्त्वज्ञानातली विदुषी मुलांबरोबर न्यूटनच्या आकृत्यांशी झटापट करेल. ट्यूटरनं कालांतरानं सगळा अभ्यासक्रम शिकवावा अशी अपेक्षाच असते. म्हणून वर्गात नेहमी असा एक प्रौढ माणूस असतो, ज्याला समोरचा विषय मुलांपेक्षा थोडाच जास्त येतो, पण न येणाऱ्या गोष्टीपाशी कसं बसायचं हे पुरतं ठाऊक असतं. संबोधनातही समानता आहे. विद्यार्थी ट्यूटरना आणि ट्यूटर विद्यार्थ्यांना मिस्टर किंवा मिस लावून आडनावानं हाक मारतात. डॉक्टर, प्रोफेसर ही बिरुदं दाराबाहेर राहतात. आपल्याकडच्या ‘सर’ आणि ‘मॅडम’मध्ये माया असते हे खरं, पण त्या एका शब्दात वाद घालण्याची मुभा बहुधा संपते.

पाठ्यपुस्तकंही जवळजवळ नाहीत. मूळ ग्रंथ हेच पाठ्यपुस्तक. चार वर्षांचा अभ्यासक्रम सगळ्यांना एकच, मुख्य विषय निवडायची सोय नाही. पहिल्या वर्षी ‘इलियड’पासून सुरुवात होऊन प्लेटो, शोकांतिका, थ्युसिडिडिस, अ‍ॅरिस्टॉटल. दुसऱ्या वर्षी बायबल, ऑगस्टीन, दान्ते, शेक्सपिअर, आणि संगीताचाही वर्ग. तिसऱ्यात सर्व्हांटिस, हॉब्ज, ह्यूम, कांट आणि न्यूटनचं ‘प्रिन्सिपिया’. चौथ्यात हेगेल, टॉलस्टॉय, डार्विन, आइन्स्टाइन. पहिली दोन वर्षं ग्रीक, पुढची दोन फ्रेंच.

संस्था जुनी आहे. १६९६ सालच्या किंग विल्यम्स स्कूलपर्यंत तिचं मूळ जातं आणि कॉलेजाची सनद १७८४ची. अमेरिकेचं राष्ट्रगीत लिहिणारा फ्रान्सिस स्कॉट की इथलाच विद्यार्थी. पण आज आपण ज्या कॉलेजाबद्दल बोलतोय ते १९३७ साली जन्मलं, आणि तेही दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर. कर्ज झालेलं, शैक्षणिक मान्यता गेलेली. अशा वेळी विश्वस्तांनी स्ट्रिंगफेलो बार आणि स्कॉट बुकॅनन या दोन मित्रांना बोलावलं. बार अध्यक्ष झाले, बुकॅनन डीन. तरुणपणी दोघांची गाठ ऑक्सफर्डला पडली होती, आणि शिक्षणाची विषयवार विभागणी त्यांना मुळातच अमान्य होती. गमावण्यासारखं काही उरलं नसलेल्या संस्थेनं त्यांच्या हाती सगळं सोपवलं. ऐन भरात असलेल्या कॉलेजानं असं धाडस केलं असतं असं मला वाटत नाही. मुलींना प्रवेश मात्र १९५१ साली मिळाला, आणि १९६४मध्ये न्यू मेक्सिकोतल्या सांता फे इथं दुसरं आवार सुरू झालं. दोन्ही आवारं लहान, विद्यार्थी प्रत्येकी पाचशेच्या आत.

आता सेमिनार. सोमवार आणि गुरुवार, रात्री आठ वाजता. एका मोठ्या टेबलाभोवती वीसेक विद्यार्थी आणि दोन ट्यूटर. त्यांतला एक जण ठरलेल्या वाचनावर एक प्रश्न विचारतो आणि गप्प बसतो. तो प्रश्न लहानसा असतो. अकिलीस एवढा का चिडला? पुढचे दोन तास मुलांचे. हात वर करायचा नाही, पुस्तकाबाहेरच्या समीक्षकाची साक्ष काढायची नाही, आपलं म्हणणं मजकुरातल्या ओळीवर बोट ठेवून दाखवायचं. लांबलचक शांतता पडते, ती पडू देतात. कुणीतरी फार बोलतं, त्याला हळूहळू ऐकायला शिकावं लागतं. कुणीतरी महिना-महिना तोंड उघडत नाही, आणि एका रात्री त्याच्या एका वाक्यानं सगळ्यांना पान उलटून परत वाचावं लागतं.

दहा वाजता टेबलापाशी बोलणं थांबतं, संपत मात्र नाही. राहण्याची सोय आवारातच असण्याचं मर्म मला इथं दिसतं. आपण होस्टेल म्हणजे खाट, मेस आणि रेक्टर एवढंच समजतो. लांबून येणाऱ्या मुलांची सोय, बस. इथं एका वर्षातल्या सगळ्या मुलांनी त्या आठवड्यात एकच पुस्तक वाचलेलं असतं. टेबलं वेगवेगळी, ट्यूटर वेगळे, पण पुस्तक तेच. म्हणून जेवणघरात रांगेत उभं राहिलेलं कुणीही कुणालाही विचारू शकतं, ‘‘तुमच्या टेबलावर काय निघालं?’’ वरच्या वर्गातल्या मुलीनं ते पुस्तक गेल्या वर्षी वाचलेलं असतं, तीही ताट घेऊन येऊन बसते. शुक्रवारी रात्री साऱ्या कॉलेजासाठी व्याख्यान असतं आणि त्यानंतरची प्रश्नोत्तरं कधीकधी व्याख्यानाहून लांबतात.

हे वाचताना मला गावचा पारायण सप्ताह आठवत राहतो. सात दिवस सगळं गाव एका ग्रंथाभोवती असतं. वाचन एकाच वेळी, पंगत एकत्र, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन, शेवटी काला. ‘ज्ञानेश्वरी’ एकट्यानं घरी वाचणं आणि मंडपात शंभर जणांबरोबर वाचणं यांतला फरक ज्यानं अनुभवलाय त्याला सेंट जॉन्सचं जेवणघर समजायला वेळ लागणार नाही. फरक आहे तो प्रश्नाच्या जागेत. आपल्याकडे ग्रंथ आणि श्रोता यांच्यामध्ये निरूपणकार उभा असतो, आणि चांगला निरूपणकार ऐकणं हे भाग्यच. पण मंडपात मध्येच उठून ‘महाराज, ही ओवी मला पटली नाही’ असं म्हणायची रीत नाही. सेंट जॉन्सनं निरूपणकाराची जागा रिकामी ठेवली आणि सारा सप्ताह त्या रिकाम्या जागेभोवती बसवला.

अभ्यासक्रमातला मला सर्वांत आवडलेला भाग दुसऱ्या वर्षाच्या गणिताचा. तिथं टॉलेमी शिकवतात. पृथ्वी स्थिर, सूर्य तिच्याभोवती फिरतो, हे मांडणाऱ्या ग्रंथावर एकोणीस वर्षांची मुलं आठवड्यामागून आठवडे घालवतात, आणि चुकीचं उदाहरण म्हणून नव्हे. चारही ऋतू सारख्या दिवसांचे नसतात. मग सूर्य वर्तुळात एकाच गतीनं फिरतो असं मानून ही तफावत कशी बसवायची? टॉलेमी पृथ्वीला वर्तुळाच्या केंद्रापासून जरा बाजूला सरकवतो आणि किती सरकवायची ते गणितानं काढतो. मुलं तेच गणित हातानं करतात, आणि ते जुळतं! पंचांगात सूर्याचं राशीसंक्रमण बघणाऱ्या आपल्यासारख्यांना याची गंमत वेगळी सांगायला नको. असा स्थिर पृथ्वीचा पुरता भरवसा बसल्यावर कोपर्निकस हातात येतो. तेव्हा कुठं कळतं की त्याच्या म्हणण्याला केवढी किंमत मोजावी लागली असेल. ‘पृथ्वी सूर्याभोवती फिरते’ हे आपण तिसरी-चौथीत एका ओळीत शिकतो आणि ‘कशावरून?’ असं कुणी विचारलं तर जन्मभर गप्प राहतो.

परीक्षा फारशा नाहीत. गुण ठेवले जातात, पण विद्यार्थ्यानं मुद्दाम मागितल्याशिवाय दाखवत नाहीत. त्याऐवजी सत्राच्या अखेरीला ‘डॉन रॅग’ होतो. डॉन म्हणजे ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या बोलीत शिक्षक. विद्यार्थिनी टेबलाशी बसते. समोर तिचे सगळे ट्यूटर. आणि ते तिच्याविषयी, तिच्यादेखत, एकमेकांशी बोलतात, ती जणू खोलीत नाहीच. मिस अमुक भाषांतर नेमकं करतात, पण सेमिनारमध्ये आपलं मत लवकर सोडून देतात. फळ्यापाशी घाई करतात. गेल्या महिन्यात एक प्रश्न त्यांनी फार चांगला विचारला होता. सगळ्यांचं बोलून झालं की तिला विचारतात, ‘‘आपल्याला काय वाटतं?’’ टक्क्यांमागे लपायची सोय उरत नाही. आपल्याला कुणीतरी इतकं लक्ष देऊन पाहत होतं, हे कळणं त्या वयात फार मोलाचं असतं. मला तरी हवं होतं.

सगळंच गोड नाही. अभ्यासक्रम पश्चिमेचा आहे आणि चार वर्षांच्या पदवीत भारत किंवा चीन यांना वाटा नाहीच म्हणायचा. सांता फे इथं १९९०च्या दशकात पौर्वात्य अभिजात ग्रंथांचा एक पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू झाला. त्यात उपनिषदं, महाभारत वाचतात आणि संस्कृत किंवा अभिजात चिनी यांपैकी एक भाषा शिकतात. तो उत्तम आहे, पण महाभारताशिवाय युद्धावरचं वाचन पुरं होतं, हे मला पटत नाही. वैद्यकीय शाखेकडे वळणाऱ्यांना पदवीनंतर वेगळे विषय करावे लागतात. फी हाही प्रश्न होताच. २०१८ साली कॉलेजानं वर्षाची शिकवणी फी सुमारे ५२,००० डॉलरवरून ३५,००० वर आणत असल्याचं जाहीर केलं. राहणं-जेवणं वेगळं. एवढ्या लहान टेबलांना एवढे शिक्षक लावायचे तर खर्च येणारच, आणि तो कुणी सोसायचा याचं उत्तर दर पिढीला नव्यानं शोधावं लागतं.

आपल्याकडे २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं बाणभट्टाच्या ‘कादंबरी’तल्या चौसष्ट कलांचा दाखला देऊन बहुविद्याशाखीय शिक्षणाचा पुरस्कार केला. पुण्यात लिबरल आर्ट्सची कॉलेजं उभी राहिली आहेत. पण दहावीच्या निकालाच्या संध्याकाळी सायन्स, कॉमर्स की आर्ट्स हा प्रश्न आजही घरोघर विचारला जातो, आणि पंधराव्या वर्षी फळी कापावी तसे मुलाचे तीन तुकडे होऊन त्यातला एक त्याच्या हाती येतो.

पुन्हा अ‍ॅनापोलिसला येऊ. तिथं सेंट जॉन्सच्या रस्त्यापलीकडे अमेरिकेची नेव्हल अकॅडमी आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास नौदलाला हे आवारच हवं होतं. कॉलेज कसंबसं वाचलं. आता दर वसंतात दोन्ही संस्थांचा हिरवळीवर क्रोकेचा सामना रंगतो, आणि बहुतेक वेळा पुस्तकवालेच जिंकतात.

त्याआधी हिवाळ्यात चौथ्या वर्षाच्या मुलांना काही आठवडे वर्गातून मोकळं केलं जातं. एक ग्रंथ, त्यातला आपल्याला छळणारा एक प्रश्न, आणि त्यावर एक दीर्घ निबंध. मुदत मध्यरात्रीची. लिहून दिला की मॅकडॉवेल हॉलची घंटा स्वतःच्या हातानं वाजवायची. त्या रात्री खोल्यांमधून वाचत पडलेल्या पहिल्या वर्षाच्या मुलांना घंटा थांबून थांबून ऐकू येत राहते. पुढं तोंडी परीक्षा, तासाभराची, सर्वांना खुली. तीन ट्यूटर झगे घालून बसतात, टेबलाशी चौथी खुर्ची विद्यार्थिनीची, मागे मित्रमंडळी आणि आईवडील. आणि तिघांपैकी एक जण निबंधातल्या एका वाक्यावर बोट ठेवून तेच विचारतो, जे चार वर्षांपूर्वी दोन वर्तुळांपाशी कुणीतरी विचारलं होतं.