ज्याला भरवतो, तो घरचा



आम्हां शिक्षकांच्या टेबलावर वह्यांचा ढीग कधी संपत नाही. मराठीच्या वर्गात निबंधाचा एक विषय तर दर वर्षी ठरलेलाच असतो: 'माझे कुटुंब'. मुलेही ठरलेलेच लिहितात. माझे वडील अमुक काम करतात, आई स्वयंपाक करते, मला एक भाऊ व एक बहीण आहे, मला माझे कुटुंब फार आवडते. वाचता वाचता डोळे मिटू लागतात.

काही वर्षांपूर्वी पाचवीच्या एका मुलाची वही आमच्या हाती आली. त्याने पाचच ओळी लिहिल्या होत्या. घरी आजी आहे. घरी मोती आहे. मोती रस्त्यावरचा कुत्रा होता, आता आमचा आहे. शाळेतून आल्यावर मी त्याला भात देतो. तो फाटकापाशी माझी वाट पाहतो. बस, एवढेच.

आम्ही लाल शाईने त्याखाली शेरा मारला, 'विषयाला धरून लिही', आणि पुढची वही उघडली. शिक्षण महाविद्यालयात आम्हांला निबंध तपासायला शिकवले होते. मुद्देसूदपणाला इतके गुण, शुद्धलेखनाला इतके. त्या हिशेबाने आमचा शेरा अगदी बरोबर होता.

तो बरोबर असूनही चुकीचा होता, हे आम्हांला उमगले ते न्यूझीलंडमधल्या एका पुस्तकामुळे. ऑकलंडला राहणारी आमची एक मावसबहीण सुटीत आली होती. मुलांसाठी म्हणून तिने तिकडची तीन-चार पुस्तके आणली. बहुतेकांत कुत्रा होता! आम्ही हसून विचारले, "अगं, तुमच्याकडे माणसांवर पुस्तके लिहीत नाहीत का?" ती म्हणाली, "आधी वाचून तर बघ."

न्यूझीलंड हा आपल्यासारखाच बेटांचा देश; त्याची बेटे मात्र फार मोठी. आपल्याकडे जसा ऊस, तशा तिकडे मेंढ्या. १९८२ साली त्या देशात ७ कोटींहून अधिक मेंढ्या होत्या. आता ती संख्या अडीच कोटींच्या खाली आली आहे, तरी माणसांपेक्षा मेंढ्या जास्त आहेतच. डोंगराळ कुरणांवरून त्या हाकून आणायच्या म्हणजे कुत्र्यावाचून गत्यंतर नाही. तिथे हंटअवे नावाची एक जात आहे; ती भुंकून भुंकून कळप पुढे लोटते. दुसऱ्या जातीचा कुत्रा आवाजही करीत नाही, नुसती नजर रोखून मेंढ्या वळवतो. टेकापो सरोवराच्या काठी १९६८ सालापासून मेंढपाळाच्या कुत्र्याचा एक पुतळा उभा आहे. राजाचा नव्हे, सेनापतीचा नव्हे, कामकरी कुत्र्याचा!

अशा देशात पुस्तकांत कुत्रे आले नसते तरच नवल. लिनली डॉड या बाईंनी १९८३ साली 'हेअरी मक्लेरी' नावाच्या झिपऱ्या काळ्या कुत्र्याचे चित्रपुस्तक काढले. तो एका डेअरीचा कुत्रा. डेअरी म्हणजे तिकडे दुधाचा गोठा नव्हे, कोपऱ्यावरचे दुकान. आपले लाबुतिकच म्हणा ना. तो फिरायला निघतो, वाटेत एकेक दोस्त मागे लागतो आणि एक दांडगा बोका दिसताच सगळे शूर वीर घराकडे धूम ठोकतात. तॉरांगा शहरात समुद्राकाठी २०१५ साली या मंडळींचे पुतळे बसवले. लहान मुले त्यांच्या पाठीवर चढून बसतात. मरे बॉल यांची 'फुटरॉट फ्लॅट्स' ही चित्रमालिका १९७६ ते १९९४ पर्यंत चालली. तिच्यात शेतावरचा कुत्राच आपल्या मनातले विचार सांगतो. गंमत अशी की त्याचे खरे नाव वाचकाला कधीच कळत नाही. तो नुसता 'डॉग'.

परंतु आमच्या मनात घर करून राहिले ते बॅरी क्रम्प यांचे पुस्तक, 'वाइल्ड पोर्क अँड वॉटरक्रेस'. हे १९८६ साली निघाले. क्रम्प हे स्वतः रानात हरणांची शिकार करून पोट भरणारे गृहस्थ. मुलांसाठी लिहिणारे असा त्यांचा लौकिक नव्हता, परंतु या पुस्तकात बोलतो तो एक मुलगाच. वॉटरक्रेस म्हणजे आपण ज्याचा बुयों करतो ते क्रेसों. रानडुकराचे मांस नि ओहोळाकाठची ती भाजी, हेच कथेतल्या माणसांचे जेवण.

गोष्ट साधी आहे. रिकी बेकर हा अंगाने जाडजूड माओरी मुलगा. त्याला दूरच्या एका शेतावर बेला मावशी आणि हेक काका यांच्याकडे ठेवतात. मावशी मायाळू, काका तिरसट. मावशी वारते. सरकारी खाते मुलाला परत न्यायला निघते. मग हा मुलगा आणि तो म्हातारा उरेवेराच्या घनदाट रानात पळून जातात. सोबत कुत्रे. पोलीस मागे, पाऊस वर, पोटात भूक. ज्या दोघांचे आधी पटत नव्हते, ते एकमेकांचे होऊन जातात.

याच कथेवर ताइका वाइतिती यांनी २०१६ साली 'हंट फॉर द वाइल्डरपीपल' हा चित्रपट काढला आणि तो त्या देशात तुफान चालला. चित्रपटात एक प्रसंग आहे. वाढदिवसाला बेला मावशी रिकीला एक कुत्रा भेट देते. आजवर त्याला पुष्कळ घरांनी 'ठेवून घेतले' होते. त्याला कपडे मिळाले होते, अन्न मिळाले होते, पण त्याच्यावर अवलंबून असे कुणी नव्हते. आता कुणी तरी त्याच्या हातून खाणार होते.

येथे आम्ही थांबलो. कुत्र्यांच्या गोष्टी म्हटल्या की आपल्याला वाटते, इमानी कुत्रा बुडत्या मुलाला वाचवतो, चोराला पकडतो. या गोष्टीत तसे नाही. कुत्रा मुलाला वाचवतो तो त्याच्याकडून काही मागून. पोरक्या मुलाला सगळे जण देत असतात, दया म्हणून. त्याच्याकडे मागत मात्र कुणी नाही. कुत्रा मागतो. भात दे, पाणी दे, सोबत चल. आणि ज्याला कुणाला तरी भरवायचे असते, तो पोरका राहत नाही.

माओरी भाषेत यासाठी एक सुंदर शब्द आहे, 'फांगाई'. मूल आजीआजोबांनी किंवा नात्यातल्या कुणी वाढवावे, ही त्या समाजाची जुनी रीत. अशा मुलालाही फांगाईच म्हणतात. या शब्दाचा मूळ अर्थ भरवणे, पोसणे असा आहे. आपणही 'पोसलेला पोर' म्हणतो, पण आपल्या तोंडी त्यात थोडा उणेपणा येतो. माओरी शब्दात उणेपणा नाही. ज्याला भरवले तो घरचा, संपले.

ही रीत मोडून मुलांना संस्थांत आणि परक्या घरांत ठेवण्याचे दुःख त्या देशाने फार भोगले. १९८९ साली तिथे कायदा झाला की मुलाचा निर्णय करताना साऱ्या कुटुंबाला एकत्र बसवावे. तोवर पुष्कळ उशीर झाला होता. पुढे नेमलेल्या चौकशी आयोगाने २०२४ साली सांगितले की १९५० ते २०१९ या काळात सांभाळासाठी ठेवलेल्या मुलामाणसांपैकी २ लाखांपर्यंत लोकांचा छळ झाला असावा. त्याच वर्षी १२ नोव्हेंबरला पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली. रिकीची गोष्ट हसवत हसवत सांगितली आहे, पण ती कोणत्या मातीतून उगवली आहे हे विसरून चालणार नाही.

आणि आपली माती तरी कोणती? १८३४ पासून सुमारे पाच लाख गिरमिटिये या बेटावर उतरले. त्यांत कोकणातून आलेले आपले पूर्वजही होते. कुणाची आई मागे राहिली, कुणाचा भाऊ वाटेतच गेला. जहाजावर ज्याने आपल्या ताटलीतला घास दिला, तो जहाजी भाई झाला. मळ्यावरच्या कॅम्पात त्याचीच मुले काका-मामा म्हणत वाढली. आज आपल्यातील कित्येक घरांत 'आमचे ते नातेवाईक' म्हणतात, पण नाते नेमके कसे, हे सांगता येत नाही. ते रक्ताचे नव्हतेच. ते घासाचे होते.

संत नामदेवांची गोष्ट आपण लहानपणी आजीकडून ऐकली आहे. कुत्र्याने भाकरी पळवली, तेव्हा नामदेव काठी घेऊन नव्हे, तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले; कोरडी भाकरी त्याला टोचेल म्हणून. ही गोष्ट आम्ही वर्गात अनेकदा सांगितली आहे. मोतीला भात देणाऱ्या मुलाच्या वहीवर लाल रेघ ओढताना मात्र ती आम्हांला आठवली नाही.

असो. त्यानंतर पालकसभेला त्या मुलाची आजी आली. आई परदेशी कामाला, वडील घर सोडून गेलेले, हे तेव्हा कळले. मुलाने निबंधात हे लिहिले नव्हते. लिहिण्यासारखे जे होते, ते त्याने लिहिले होते.

त्या सत्रात आम्ही रिकीची गोष्ट रोज थोडी थोडी मराठीतून वर्गाला सांगितली. इतर मुले विचारीत, "पोलिसांनी पकडले का? डुक्कर केवढे होते?" त्या मुलाने एकच प्रश्न विचारला, "गुरुजी, रानात त्याने कुत्र्याला काय खायला दिले?" आम्ही म्हणालो, "ते दोघे जे खात होते, तेच." तो समाधानाने खाली बसला.

चित्रपटाच्या शेवटी रिकीला एक नवे घर मिळते आणि तो स्वतःच जाऊन म्हाताऱ्या हेकला तिथे राहायला बोलावतो. ज्याला सगळ्यांनी नाकारले, तोच आता दुसऱ्याला घर देतो. हेकला आधी वाचता येत नव्हते. शेवटी तो वाचायला शिकलेला असतो. आम्हां शिक्षकांना याहून गोड शेवट कोणता?

पालकांना आमची एकच विनंती आहे. मुलांना अशा गोष्टी वाचून दाखवा. पुस्तक इंग्रजी वा फ्रेंच असले तरी सांगा मराठीतून. मूल दाराशी आलेल्या कुत्र्याला भाकरीचा तुकडा देत असेल, तर "अभ्यास कर" म्हणून हाकारू नका. तेवढा अभ्यास पुरा होऊ द्या.

आणि ती वही? ती आम्ही परत मागून घेतली. 'विषयाला धरून लिही' या शेऱ्यावर काट मारली आणि खाली लिहिले, 'विषयाला धरूनच लिहिले आहे. चूक गुरुजींची.' आता दर वर्षी 'माझे कुटुंब' हा निबंध देताना आम्ही फळ्यावर एक प्रश्न लिहून देतो: तू कुणाला भरवतोस? उत्तरे वाचताना अलीकडे झोप येत नाही.