न्यायमूर्ती नेमतो कोण?



गावच्या जत्रेत कुस्त्यांचा फड लागतो, तेव्हा पंच कोण बसणार हे आधी ठरते. लढणाऱ्या दोन तालमींपैकी एकीच्याच वस्तादाने पंच नेमले, तर निकाल खरा असला तरी लोक मानतील का? नाही मानणार.

न्यायालयाचेही असेच आहे. समजा, तुमची जमीन धरणात गेली, मोबदला कमी मिळाला आणि खालच्या कोर्टात समाधान झाले नाही. मग तुम्ही उच्च न्यायालयाची पायरी चढता. तिथे समोरचा पक्षकार कोण? सरकार! आणि न्यायमूर्तींच्या नेमणुकीवर सही राष्ट्रपतींची, म्हणजे व्यवहारात केंद्र सरकारचीच. मग सत्तेवरच्या पक्षाने आपल्या मर्जीतला माणूस बसवला तर?

घटनेच्या २१७व्या कलमात याचा बंदोबस्त आहे. नेमणुकीपूर्वी राष्ट्रपतींनी देशाचे सरन्यायाधीश, राज्यपाल आणि त्या उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती यांचा सल्ला घ्यावा, असे ते सांगते. पण सल्ला घेणे वेगळे आणि पाळणे वेगळे. सारा वाद उभा राहिला तो इथेच.

आणीबाणीतली गोष्ट पाहा. सप्टेंबर १९७५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या न्या. रंगराजन आणि न्या. अगरवाल यांनी पत्रकार कुलदीप नय्यर यांची स्थानबद्धता बेकायदा ठरवली. पुढे काय झाले? रंगराजन यांची बदली थेट गुवाहाटीला झाली. अगरवाल होते अतिरिक्त न्यायमूर्ती. अशी नेमणूक दोन वर्षांपर्यंतचीच असते. त्यांना कायम केले नाही आणि ते पुन्हा सत्र न्यायाधीश झाले. १९७६ मध्ये तर सोळा न्यायमूर्तींच्या बदल्या त्यांच्या संमतीवाचून झाल्या. ज्याची बढती दुसऱ्याच्या हाती, त्याची लेखणी मोकळी कशी राहील?

१९८१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शेवटचा शब्द सरकारचा ठरवला. १९९३ मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने तो फिरवला आणि निवड न्यायाधीशांच्या मंडळाकडे आली. त्यालाच ‘कॉलेजियम’ म्हणतात. आता उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती आणि दोन ज्येष्ठ न्यायमूर्ती नावे सुचवतात. सरकार चौकशी करते, सर्वोच्च न्यायालयाचे मंडळ शिफारस करते. सरकार नाव परत पाठवू शकते. पण मंडळाने तेच नाव पुन्हा पाठवले, तर नेमणूक करणे सरकारवर बंधनकारक ठरते.

मग राजकारण संपले म्हणता? छे! ते पुढच्या दाराने गेले आणि मागच्या दाराने आले. फाईल दाबून ठेवली की नकार न देताही नकार होतो. उत्तराखंडचे मुख्य न्यायमूर्ती के. एम. जोसेफ यांनी २०१६ मध्ये तिथली राष्ट्रपती राजवट रद्द केली होती. जानेवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयासाठी त्यांची शिफारस झाली, ती सरकारने एप्रिलमध्ये परत पाठवली. कारण ज्येष्ठतेचे आणि प्रांतवार प्रतिनिधित्वाचे दिले. टीकाकारांनी बोट दाखवले ते २०१६च्या निकालाकडे. मंडळाने पुन्हा आग्रह धरला, तेव्हा ऑगस्टमध्ये ते रुजू झाले. १९७५ साली सत्तेवर एक पक्ष होता, २०१८ साली दुसरा. खोड पक्षाची नव्हे, सत्तेची आहे.

पण न्यायाधीशांची बाजूही निर्दोष नाही. बंद दाराआड निवड झाली की ओळखीपाळखीचा संशय येतोच. सरन्यायाधीश हेही शेवटी माणूसच आहेत, असा इशारा डॉ. आंबेडकरांनी २४ मे १९४९ रोजी घटना समितीत दिला होता. संसदेने २०१४ मध्ये नेमणुकांसाठी आयोगाचा कायदा केला. त्यात कायदामंत्री आणि बाहेरचे दोन मान्यवरही होते. न्यायालयाने ऑक्टोबर २०१५ मध्ये चार विरुद्ध एक मताने तो रद्द केला.

तेव्हा मागणी दोघांकडेही करायची. निवडीची कारणे उघड सांगा आणि फाईलला मुदत घाला. शिक्षकबंधूंनी नागरिकशास्त्राच्या तासाला २१७वे कलम मुलांना जरूर वाचून दाखवावे. पंच कोणी नेमला हे विचारणे म्हणजे पंचाचा अपमान नव्हे; फडाची अब्रू राखण्याचा तोच मार्ग आहे.