शैवाल : पोषण, विषाणुरोध आणि शुद्धता

गेल्या काही दशकांत स्पिरुलिनाच्या गोळ्या व चूर्णे औषधांच्या दुकानांतून सर्वत्र उपलब्ध झाली आहेत. अशक्तपणा, पांडुता, वारंवार होणारा प्रतिश्याय, नागीण, इतकेच नव्हे तर ‘प्रतिकारशक्ती’ या शब्दाखाली येणाऱ्या बहुतेक सर्व तक्रारींवर ती सुचविली जातात. ‘हिरवे म्हणजे आयुर्वेदिकच’ अशा समजुतीने रुग्ण याविषयी वैद्याचाच सल्ला मागतो. असा सल्ला देताना पोषण, विषाणुरोध आणि शुद्धता या तीन बाबींचा स्वतंत्र विचार करणे अगत्याचे आहे.

ग्रंथोक्त शैवाल

अमरकोशात जलनीली, शैवाल, शैवल हे पर्याय आले आहेत. निघंटूंत शैवाल हे शीत, लघु, कषाय-तिक्त आणि दाह, तृष्णा, पित्त व रक्तविकार यांवर उपयुक्त सांगितले असून विसर्पातील लेपांतही त्याचा समावेश आहे. तथापि या नावाने आज बहुधा सेरॅटोफायलम किंवा व्हॅलिस्नेरिया या सपुष्प जलवनस्पती ओळखल्या जातात. वनस्पतिशास्त्रातील शैवाल हा अपुष्प वर्ग आहे, तर स्पिरुलिना हा केंद्रकविरहित, प्रकाशसंश्लेषण करणारा नील-हरित जीवाणू आहे. म्हणून निघंटूतील गुण स्पिरुलिनास जसेच्या तसे लावता येत नाहीत. सुश्रुताचार्यांनी शैवालादींनी आच्छादलेले पाणी व्यापन्न जलात गणले आहे, हेही येथे ध्यानात ठेवावे.

पोषणमूल्य

आफ्रिकेतील चाड सरोवराच्या परिसरात नील-हरित शैवाल वाळवून त्याच्या ‘दिहे’ नावाच्या वड्या आजही खाल्ल्या जातात. मेक्सिकोतील अ‍ॅझ्टेक लोक टेक्सकोको सरोवरातून असेच अन्न गोळा करीत. शुष्क स्पिरुलिनात ५५ ते ७० टक्के प्रथिने असतात. त्याची पेशीभित्ती मृदू असल्याने ते सुपाच्य आहे. बीटा-कॅरोटीन, लोह व गॅमा-लिनोलेनिक आम्ल हेही त्यात मिळतात. क्लोरेला या हरित शैवालाची पेशीभित्ती मात्र कठीण असते, त्यामुळे ती फोडलेले उत्पादनच घेणे इष्ट.

येथे मात्रेचा विचार विसरून चालत नाही. रोजच्या ३ ग्रॅम चूर्णातून सुमारे २ ग्रॅम प्रथिने मिळतात. तेवढी प्रथिने ८ ते ९ ग्रॅम तूरडाळीतही असतात. तेव्हा गोळ्यांच्या भरवशावर डाळ, दूध व उसळी कमी करणे हे पोषण नव्हे.

याहून गंभीर प्रश्न बी१२ जीवनसत्त्वाचा आहे. शाकाहारी रुग्णास बी१२साठी स्पिरुलिना देण्याची प्रथा आढळते. परंतु त्यातील बहुतांश घटक हे मानवी शरीरास निरुपयोगी असे ‘आभासी बी१२’ असते. नेदरलँड्समध्ये मॅक्रोबायोटिक आहार घेणाऱ्या, बी१२ची कमतरता असलेल्या मुलांवरील १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शैवालसेवनाने रक्तातील बी१२ची पातळी वाढली, पण तांबड्या पेशींतील विकृती सुधारली नाही. अहवाल समाधानकारक दिसावा आणि हातापायांना मुंग्या, बधिरता व स्मृतिमांद्य मात्र वाढत जावे, असा हा धोका आहे. मज्जातंतूंची हानी एका मर्यादेपलीकडे भरून येत नाही. अशा रुग्णास बी१२च दिले पाहिजे.

विषाणुरोधक गुण

लाल शैवालातील बहुशर्करांमुळे कोंबडीच्या अंड्यातील गर्भाचे इन्फ्लुएन्झा-बी व गालगुंडाच्या विषाणूंपासून रक्षण होते, हे १९५८ सालीच नोंदविले गेले. १९९६ साली जपानी संशोधकांनी स्पिरुलिनातून ‘कॅल्शियम स्पिरुलान’ वेगळे केले. नागीण वर्गातील विषाणू, गोवर, गालगुंड, इन्फ्लुएन्झा-ए व एचआयव्ही यांना ते प्रयोगशाळेत रोखते. विषाणू प्रथम पेशीच्या पृष्ठभागावरील ऋणभारित शर्करांना चिकटतो. गंधकयुक्त बहुशर्कराही ऋणभारित असल्याने विषाणू त्यांनाच चिकटतो आणि पेशीपर्यंत पोहोचू शकत नाही. नॉस्टॉक या नील-हरित शैवालातून १९९७ साली मिळालेले सायनोव्हिरिन-एन हे प्रथिन विषाणूच्या आवरणावरील मॅनोज शर्करांना पकडून हेच कार्य करते.

मग गोळी गिळून हा लाभ का मिळू नये? याचे उत्तर औषधमार्गात आहे. प्रयोगशाळेत द्रव्य विषाणूस थेट भिडते. मुखावाटे घेतल्यावर मोठ्या रेणूंच्या बहुशर्करा आतड्यातून फारशा शोषल्या जात नाहीत आणि प्रथिने पचून जातात. म्हणून विषाणूच्या प्रवेशद्वारीच द्रव्य वापरून पाहण्यात आले. तेथील अनुभव संमिश्र आहे. लाल शैवालातील कॅराजिनन असलेल्या योनिलेपाची दक्षिण आफ्रिकेत ६,२०२ स्त्रियांवर चाचणी झाली. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तो लेप निर्धोक ठरला, परंतु एचआयव्हीपासून संरक्षण सिद्ध झाले नाही. उलट २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अर्जेंटिनातील चाचणीत ३९४ रुग्णालयीन कर्मचाऱ्यांपैकी कॅराजिननचा नासाफवारा घेणाऱ्यांत कोविडचे २, तर इतरांत १० रुग्ण आढळले. निष्कर्ष आशादायक असला तरी चाचणी लहान होती. यावरून स्पिरुलिनाची गोळी नागीण, कावीळ वा कोविड बरा करते असे मुळीच म्हणता येत नाही.

शुद्धता

मायक्रोसिस्टिस जातीची नील-हरित शैवाले यकृतघातक मायक्रोसिस्टिन निर्माण करतात. १९९६ साली ब्राझीलमधील कारुआरू येथे असे दूषित पाणी रक्तशुद्धीकरणासाठी वापरले गेल्याने पन्नासहून अधिक रुग्ण दगावले. पाणी उकळूनही हे विष नष्ट होत नाही. पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने मायक्रोसिस्टिन-एलआरची दीर्घकालीन मर्यादा लिटरमागे १ मायक्रोग्रॅम ठेवली आहे. नियंत्रित कुंडात वाढविलेले स्पिरुलिना तुलनेने सुरक्षित असते. उघड्या सरोवरातून गोळा केलेल्या शैवालात मात्र विषारी जातींची भेसळ होऊ शकते.

व्यवहारातील सूचना

१. स्पिरुलिना हे आहारास पूरक द्रव्य समजावे, आहाराचा वा औषधाचा पर्याय नव्हे.
२. मायक्रोसिस्टिन व जड धातूंची तपासणी झालेलेच उत्पादन सुचवावे.
३. फिनाइलकीटोन्युरिया असलेल्यांना ते देऊ नये. स्वप्रतिकारजन्य विकारांत टाळावे. गर्भिणी व बालके यांच्याबाबत विशेष सावध असावे.
४. केल्पसारख्या सागरी शैवालात आयोडीन विपुल असते, म्हणून अवटू ग्रंथीच्या रुग्णांना ते विचार न करता देऊ नये.
५. डोळ्याजवळील नागीण, तीव्र कावीळ किंवा श्वासकष्ट असलेल्या रुग्णास शैवालाच्या गोळ्यांवर ठेवून कालहरण न करता तत्काळ तज्ज्ञाकडे पाठवावे.

द्रव्य नवे असो वा जुने, त्याची ओळख, मात्रा, मार्ग व शुद्धी पारखूनच ते योजावे हा आपल्या शास्त्राचा दंडक आहे. शैवालासही तो लागू आहे.