संगमरवर : नाव एक, दगड अनेक

घरासाठी संगमरवर निवडताना ग्राहक बहुधा रंग आणि चकाकी पाहतो. मात्र दगड कोणत्या खाणीतला, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो. भूगर्भातील उष्णता व दाबामुळे चुनखडीचे पुन्हा स्फटिकीभवन होऊन संगमरवर बनतो. तो शुद्ध असल्यास पांढरा असतो. लोह, कार्बन यांसारख्या घटकांमुळे त्याला रंग व रेषा लाभतात.

राजस्थानातील मकराण्याचा शुभ्र दगड ताजमहाल आणि कोलकात्याच्या व्हिक्टोरिया मेमोरियलसाठी वापरला गेला. २०१९ मध्ये त्याला जागतिक वारसा दगड म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. अबूच्या देलवाडा मंदिरांतील नाजूक कोरीवकाम गुजरातमधील अंबाजी परिसरातून आणलेल्या संगमरवरात आहे. काळ्या रंगासाठी राजस्थानातील भैंसलाना प्रसिद्ध आहे, तर मायकेलअँजेलोचा ‘डेव्हिड’ इटलीतील कराराच्या दगडातून साकारला.

बाजारात संगमरवर म्हणून विकला जाणारा प्रत्येक दगड मात्र संगमरवर नसतो. जैसलमेरचा पिवळा दगड वस्तुतः चुनखडी आहे. उदयपूरजवळच्या ऋषभदेवचा ‘हिरवा मार्बल’ सर्पेंटाइन खनिजाचा आहे. पाणी मिसळलेल्या सिमेंटवर बसवल्यास त्याच्या लाद्या वाकण्याचा धोका असतो. खऱ्या संगमरवराचेही पथ्य आहेच. लिंबू वा व्हिनेगर सांडल्यास त्याची झिलई जाते, म्हणून स्वयंपाकघराच्या ओट्यासाठी तो फारसा सोयीचा नाही.

तेव्हा खरेदीपूर्वी भावाबरोबरच खाणीचे नावही विचारावे. दगडाचा स्वभाव त्याच्या जन्मस्थानावरून उमगतो.